देवापुढं ठेवलेला फोन

हसनाबाद,
रविवार सकाळ

तीर्थरूप नंदाआक्का,

तुझ्या भागवतचा वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळं अर्धाच पोचेल, बाकीचा समजून घे.) दाजींचा खोकला कसा आहे? डॉक्टरच्या औषधावर त्यांचा भरवसा बसला का, की अजून त्या काळ्या गोळ्याच चालू आहेत? इकडं तुझ्या भावजयीची, दैवशालाची, तब्येत उत्तम आहे, म्हणजे दिवसातून तीनदा मला बोलते. फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोनला ऐकू जाऊ नये म्हणून. हसू नको, पुढं वाच.

मागच्या वर्षी गुडघ्यानं मांडी घालणं बंद केलं. देवापुढं खुर्ची टाकून बसलो, तर दैवशाला म्हणाली की तहसीलदार तपासणीला आल्यासारखं दिसतंय. मग मी एक सोय केली. रोजची प्रार्थना एकदाच नीट, खाकरून वगैरे, फोनमध्ये भरून ठेवली. सगळ्यांना सुखी ठेव, पाऊस वेळेवर पाड, नंदाआक्काला संभाळ, दैवशालाची साखर आटोक्यात ठेव. एकूण एक मिनिट चाळीस सेकंद. सकाळी सव्वासहाला गजरासारखा माझा आवाज आपोआप वाजायचा. फोन तबकात, आईच्या टाकांपुढं, आणि मी ओसरीवर चहा पीत. (टाक म्हणजे तेच देवघरातले चांदीचे देव, ज्यांच्यापायी बद्री आणि मी सख्खे भाऊ असून अकरा वर्षं बोललो नाही. आई गेल्यावर मी ते भोकरदनहून उचलून आणले. ते मला द्यायचं आईच्या मनात होतं असं मी म्हणालो, त्याला द्यायचे होते असं तो म्हणाला. तू मध्ये पडली नाहीस, फार बरं केलंस.) कृषी खात्यात तीस वर्षं आलेला कागद पुढं सरकवण्यात गेली, त्यामुळं मला यात काही गैर वाटलं नाही. दैवशालाला वाटलं. "देवाला कॅसेट लावून देऊन राह्यले तुम्ही," ती म्हणाली. मी म्हणालो, आरती नाही का भोंग्यावर लावत. तर म्हणे, "आरती सगळ्यांची असती. मागणं ज्याचं त्याचं असतं." मी चहात साखर मागितली आणि विषय मिटवला.

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारची गोष्ट. आत प्रार्थना चालू होती. दैवशालाच्या साखरेपर्यंत आली आणि थांबली. भरताना मी तिथं थांबलो नव्हतो. मग कोणीतरी श्वास घेतला, आणि माझ्याच आवाजात, पण जरा हळू, ऐकू आलं, "बद्रीला संभाळ." आत गेलो तर फोन गप्प. पुन्हा लावून पाच वेळा ऐकला. एक मिनिट चाळीस सेकंद, आणि बद्री त्यात कुठंच नाही. कानात मळ असेल म्हणून तेल घातलं. बुधवारी पुन्हा तेच. या वेळी आणखी एक वाक्य होतं, "त्याला श्वास घेऊ दे." गुरुवारी मी सरळ फोन बंद केला आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. (असं का केलं ते विचारू नको. माणूस घाबरला की डबे उघडतो.)

सव्वासहाला आवाज देवघरातून आला. तेवढी दोनच वाक्यं. दैवशाला भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. "तुम्ही बोलले का?" मी समोर ओसरीवर बसलेलो तिला दिसत होतो, तरी तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं हात पुसले, डब्यातून फोन काढून चालू केला, आणि भावकीच्या ग्रुपवर मागं मागं सरकत गेली. रविवारी बद्रीच्या वंदनानं लिहिलं होतं, "ह्यांना न्यूमोनिया झालाय. दवाखान्यात ठेवलंय, श्वास घेता येईना. सगळ्यांनी प्रार्थना करा." खाली चौसष्ट जणांचे जोडलेले हात. सगळ्यात पहिले माझे. चार जोड आणि वर एक गुलाबाचं फूल. आक्का, मी ते वाचलंच नव्हतं. बारसं असो नाहीतर मयत, ग्रुपवर काही आलं की हात ठोकून जेवायला बसायचं, ही माझी पद्धत. दैवशाला मला बोलायची सोडून माझी पिशवी भरायला लागली. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

टाक रुमालात बांधून पहिल्या एसटीनं भोकरदन गाठलं. दवाखान्यात बाकड्यावर वंदना बसली होती. अकरा वर्षांनी थोरला दीर समोर आला तरी ती दचकली नाही. म्हणाली, "आत जा दादा. तीन दिवस झाले, सकाळी सव्वासहा वाजले की डोळे उघडतात अन् मला म्हणतात, दादा आल्ता. मी म्हणते, न्हाई आले. तर म्हणतात, आत्ताच बोलून गेला की, तू झोपली व्हती." मी बाकड्यावर बसलो. उठायला तिलाच हात द्यावा लागला.

बद्री निम्मा राहिलाय. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी रुमाल उशाशी ठेवून सोडला. त्यानं टाक बघितले, मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "घरी ने. हितं ठेवले तं त्याह्यला बी सलाईन लावतील." मला हसू आलं आणि मग दुसरंच काहीतरी आलं. त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायला गेलो, तर फोनमध्ये भरलेल्यातली एक ओळही आठवेना. नुसतं "बद्री, बद्री" एवढंच तोंडातून निघत होतं. हात जोडायचे राहून गेले, कारण ते त्यानं धरून ठेवले होते.

दहा दिवसांनी तो घरी आला. आता दोन भाकरी खातो आणि वंदनावर ओरडतो, म्हणजे बरा आहे. टाक सहा महिने त्याच्याकडं आणि सहा महिने माझ्याकडं असं ठरलंय. मी फोनमधली प्रार्थना पुसून टाकली. रोज उभ्यानंच, तोंडानं म्हणतो. वेळ लागतो, चहा गार होतो. तो आवाज पुन्हा आलेला नाही.

दाजींना सांगून पुढच्या महिन्यात चार दिवस राहायलाच ये. भोकरदनलाही जाऊ.

तुझा,
भागवत

ता. क. : आवाज आलेला नाही हे खरं, पण पूर्ण खरं नाही. या आठवड्यात दोनदा, मी देवघरात जायच्या आधी, आत कोणीतरी श्वास घेतला. बोललं काही नाही. दैवशालानंही ऐकलं असावं, तिनं नळ सोडला.

ता. क. दुसरा : खरं तर एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो. जिना चढलो की छातीत धरतं. या नाही, पुढच्या बुधवारी जालन्याला अँजिओग्राफी आहे. दैवशालाला गुडघा दाखवायला जातोय असं सांगितलंय. सकाळी सगळ्यांची नावं घेऊन होतात, पण माझ्यापाशी आलो की तोंड उघडत नाही. स्वतःसाठी मागायची सवयच नाही, ते काम आईकडं होतं. आता घरात मोठी तूच आहेस. बुधवारी अंघोळ झाली की माझं नाव घे. भाग्या म्हणालीस तरी चालेल.