बोरसे मॅडमना साथरोगशास्त्राच्या तासिका मिळाव्यात म्हणून

प्रति,
मा. सहसंचालक,
उच्च शिक्षण, जळगाव विभाग,
जळगाव.

अर्जदार : कु. जिनल शांतीलाल कांकरिया, इयत्ता दहावी (अ), रा. मेन रोड, जामनेर.

विषय : बी.एस्सी. (सार्वजनिक आरोग्य) दुसऱ्या वर्षाच्या साथरोगशास्त्र विषयासाठी तासिका तत्त्वावरील अध्यापकाची मुलाखत पुन्हा घेण्याबाबत.

संदर्भ : कांगतीर शिक्षण मंडळाच्या महाविद्यालयात फलकावर लावलेला “योग्य उमेदवार आढळला नाही” हा कागद.

महोदय,

“मॅडम, स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आमची निम्मी शाळा संडासापुढे रांगेत का उभी होती?”

वरील प्रश्न अर्जदाराने उमेदवार श्रीमती हेमांगी बोरसे, रा. धुळे, यांना भर मुलाखतीत विचारला. कोकिळा आणि रत्ना या मैत्रिणींनी “हिंमत असेल तर विचारून दाखव” म्हणून पाणीपुरीची पैज लावली होती. (पाणीपुरी अद्याप मिळालेली नाही.)

१. दहावीची मुलगी प्राध्यापकाच्या मुलाखतीत काय करत होती, असे आपण विचाराल. महोदय, उमेदवाराला वर्गापुढे शिकवून दाखवावे लागते. त्या दिवशी कॉलेजच्या मुलांची परीक्षा होती आणि बाक रिकामे. म्हणून त्याच संस्थेच्या शाळेतून आमचा वर्ग उचलून तिथे बसवण्यात आला. शिपाई पुनाभाऊंनी दारातच बजावले, “आज तुम्ही बठ्ठा कॉलेजना शेतस, दात काढू नका.” म्हणजे आज आम्ही सगळे कॉलेजचे, हसायचे नाही. आम्ही दात काढले नाहीत. अर्जदाराने प्रश्न विचारेपर्यंत.

२. समितीतले एक सर म्हणाले, “बाळ, विषयाला धरून विचार.” मॅडम म्हणाल्या, “सर, हाच विषय आहे.” आणि त्यांनी खडू खाली ठेवला.

मग त्यांनी आम्हाला हात वर करायला लावले. आजारी कोण पडलं? पुरीभाजी कोणी खाल्ली? गुलाबजाम? मठ्ठा? प्रत्येक वेळी कोणते हात वर, कोणते खाली, हे आम्हालाच बघायला सांगितले. पुरीभाजी सगळ्यांनी खाल्ली होती, त्यातून काही कळेना. मठ्ठ्याला मात्र ज्यांचे हात वर झाले, त्यातले बहुतेक आजारी पडलेले होते. अपवाद फक्त लेझीमच्या मुली. त्यांनीही मठ्ठा प्यायला होता आणि त्या ठणठणीत होत्या. कोकिळा म्हणाली, “मॅडम, यांची पोटंच दगडाची.” मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “असेल. पण यांनी मठ्ठा कधी प्यायला?” लेझीमच्या मुलींना नाचायचे असल्याने सर्वांत आधी वाढले होते. मॅडमनी विचारले, “मग त्यांच्यानंतर मठ्ठ्यात काय बदललं?”

वर्गात कोणालाच माहीत नव्हते. एकट्या अर्जदाराला माहीत होते, कारण मठ्ठा अर्जदाराच्या वडिलांच्या डेअरीतून आला होता आणि अर्जदार स्वतः पिंपाशेजारी डाव घेऊन उभी होती. मठ्ठा कोमट होऊ लागला, तेव्हा डबे गार ठेवायला आणलेली बर्फाची लादी फोडून आत टाकली गेली. अर्जदाराने हात वर केला आणि सांगितले, “बर्फ.”

३. मॅडमनी कोणाचे नाव घेतले नाही. त्या म्हणाल्या, “हा अजून संशय आहे. बर्फ कोणत्या पाण्याचा होता ते तपासल्याशिवाय पक्कं म्हणायचं नाही.” त्यांचा तास तिथेच संपला, कारण समितीचे अध्यक्ष अमृतनाना उठले. अमृतनाना वडिलांचे जुने स्नेही. ते अर्जदाराला म्हणाले, “जिनल बेटा, घरचं असं चव्हाट्यावर मांडतात का?” दुसऱ्या दिवशी फलकावर संदर्भातला कागद लागला. तोंडी कारण असे कळते की उमेदवाराने शिकवायचे सोडून चौकशी केली. साथरोगशास्त्रात चौकशी करायची नसते, तर काय आरती करायची असते, याचा खुलासा व्हावा.

४. सदर विषय आता खेळाच्या सरांकडे जादा तासिका म्हणून दिला आहे. सर चांगले आहेत. साथ आली तर कसे पळावे, हे ते उत्तम शिकवतील. परंतु अर्जदाराला बारावीनंतर याच अभ्यासक्रमाला जायचे आहे. हे तिला मुलाखतीच्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. त्याआधी तिला दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे होते.

५. वडिलांविषयी. ते लबाड नाहीत. मठ्ठा त्यांनी शाळेला फुकट दिला होता आणि लादी फोडताना त्यांच्या मनात एवढेच होते की पोरांना गार मिळावे. आता ते म्हणतात, “फुकट पाजलं तरी शिव्याच.” त्यांनी एक कागद लिहून अर्जदारापुढे ठेवला आहे : “मॅडमनी माझ्याकडून हे वदवून घेतले.” मम्मी म्हणते, “एक सही कर आणि मोकळी हो. तुझ्या बोलण्यानं गिऱ्हाईक तुटलं तर जेवायचं काय?” महोदय, मम्मीची भीती खरी आहे. कागदावरचे वाक्य खोटे आहे. मॅडमनी वदवले नाही, विचारले. उत्तर अर्जदाराचे होते.

६. सबब विनंती की :
(अ) मुलाखत पुन्हा घ्यावी, आणि बोरसे मॅडमना बोलवावे. त्या धुळ्याहून एसटीने येतात, तरी दोन दिवस आधी कळवावे.
(आ) प्रश्न विचारणे हा गुन्हा असल्यास कारवाई प्रश्न विचारणाऱ्यावर करावी, उत्तर शोधायला शिकवणाऱ्यावर नको.
(इ) शिकवण्याचे गुण देताना आमच्या वर्गालाही विचारावे. समितीतल्या कोणीही त्या दिवशी हात वर केला नव्हता. आम्ही केला होता.

अर्जदार अल्पवयीन असल्याने पालकांची सही लागत असल्यास ती मिळणार नाही. कारण परिच्छेद ५ मध्ये आहे. तेवढ्यासाठी अर्ज परत पाठवू नये. पाठवल्यास अर्जदार तो पुन्हा पाठवील.

आपली नम्र, पण मागे न हटणारी,
जिनल शांतीलाल कांकरिया
जामनेर, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : (१) दहावी (अ) मधील मुलामुलींच्या सह्या. लेझीमच्या मुलींच्याही आहेत. (२) परिच्छेद ५ मधला कागद, सही न केलेला.

प्रत माहितीसाठी : श्री. शांतीलाल व सौ. चंदनबाई कांकरिया, मेन रोड, जामनेर.

पप्पा, मम्मी, हा अर्ज पोस्टात टाकून मग ही प्रत गल्ल्यावर ठेवली आहे, म्हणजे अडवायला उशीर झालेला असेल. मी त्या कागदावर सही करणार नाही. साहेबांनी बोलावलं की जळगावला जाऊन सांगणार आहे. सांगताना दोन्ही सांगेन : मठ्ठा पप्पांनी फुकट दिला होता, आणि बर्फ आपल्या दुकानातला होता. पप्पा, तुम्ही सोबत आलात तर तुमच्या देखत सांगेन. नाही आलात तर सकाळची पहिली एसटी आहे.