राळेतली बुगडी

मी, सहदेव आबाजी बडेकर, वय वर्षे चौसष्ट, राहणार दहिवली, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अक्कल शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. भीती आहे, ती माझ्याच बायकोची.

कलम १. राहते घर स्वकमाईचे. ते माझ्या पश्चात पत्नी चंद्राबाई हिचे, तिच्यानंतर मुलगा गजा याचे.

कलम २. धाकटा भाऊ कोंडाजी यास माझी छत्री. माझ्या कामाला तो जन्मभर ‘चिकट धंदा’ म्हणत आला आणि आहेरासाठी राळेचे खडे मात्र माझ्याकडूनच फुकट नेत आला. छत्री गळकी आहे.

कलम ३. राळ वितळवायची कढई, पितळी साचे व सुया सून मैना हिला. गुंजा, पितळेची फुले, भुंग्याचे हिरवे पंख असे काहीबाही साच्यात मांडून वर स्वच्छ राळ ओतायची आणि झालेले खडे माथेरानला विकायचे, हा माझा धंदा. राळेतले बुडबुडे तापल्या सुईने फोडावेत ते मैनेनेच. गजाला तो हात नाही.

कलम ४. मैना तीन वर्षे चौक गावी माहेरी का आहे, ते लिहून ठेवतो. चंद्राबाईच्या बुगडीची फिरकी सैल झाली होती. तिने ती दुरुस्तीसाठी माझ्या कामाच्या फळीवर ठेवली आणि मला सांगायला विसरली. पुढे बुगडी सापडेना. फळी मैना झाडत असे, म्हणून आळ तिच्यावर आला. ती म्हणाली, “मी नाय घेतली. मामंजी, तुमी तरी बोला.” मी बोललो नाही. गजाही बोलला नाही. ती नेसत्या लुगड्यानिशी गेली.

नवी राळ धुरकट असते, ओल्या राखेने घासल्यावरच आतले दिसते. आठ दिवसांनी एक खडा घासला, तर आत बुगडी. पितळेचे फूल समजून मीच ती साच्यात मांडली होती. लाजेने मी तो खडा भाताच्या कणगीत लपवला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

कलम ५. माझ्या तेराव्याला सर्वांना जमवून हे वाचावे व खडा मैनेच्या हातून फोडवावा. गजासाठी दुसरी मुलगी पाहिली आहे, माघात लग्न. खडा त्याच्या हाती लागला तर तो वितळवून टाकील ही धास्ती आहे, म्हणून या कागदाची नक्कल माझे राळेचे व्यापारी, शिळफाट्याचे जलाल यांच्याकडे राहील.

कलम ५ रद्द. साक्षीसाठी चंद्राबाई व जलाल यांना बसवून वरील मजकूर वाचून दाखवला.  चंद्राबाईने उठून कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, खडा काढला, दारात उजेडाला धरून पाहिला.

“चोर तिला मी म्हनलं,” ती म्हणाली. “तुमी मेल्यावर ह्यो कागद वाचून काय उपेग? माघात दुसरी येईल. उठा, गाडी जुपा.”

“सह्या तरी होऊ देत,” मी म्हणालो.

“अंगठा घ्या माझा, आन् चला.”

गाडी जुंपली आहे. गजाला पुढे बसवले आहे. खडा चंद्राबाईच्या ओटीत आहे.

सहदेव आबाजी बडेकर, सही.
दहिवली, ता. १२ डिसेंबर १९४४.

साक्ष पहिली : चंद्राबाई सहदेव बडेकर, डाव्या हाताचा अंगठा.
साक्ष दुसरी : जलाल, सही.
साक्ष तिसरी : जागा सोडली आहे. कागद चौकला सोबत नेत आहे. मैना देईल तर.