नात कुणाकडे टक लावून बघते

विहीणबाईंना मानाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे माझ्यावरच गेलेत, कुणाचं ऐकत नाहीत. पत्र मी सांगतेय आणि माझी सून, म्हणजे तुमचीच लेक, लिहून घेतेय. त्यामुळे मधेच एखादा गोड शब्द दिसला तर तो तिच्या पदरचा समजा. (खोडू नकोस गं. मला वाचता येत नाही, पण खोडलेलं दिसतं.)

गेल्या महिन्यात तुम्ही आलात, तेव्हा आपली सहा महिन्यांची नात तुमच्याकडे टक लावून बसली. तुमचा चहा निवला तरी तिची नजर हटेना. रक्त रक्ताला ओळखतं, असं तुम्ही आधी मला ऐकवलंत, मग जिन्यातल्या शेजारणीला, मग फोनवरून बहिणीला. आणि मी? सहा महिने हिचे लंगोट बदलतेय, पण ती माझ्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघते. माझा नुसता तिळपापड झाला. शिवाय घरी जाताना "दोन महिने पाठवा हिला माझ्याकडे" म्हणालात. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. (जेवते दोन्ही वेळा, पण गोड लागत नाही.)

मग परवा पोरीला बाळांची समज तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. शिकलेल्या बाई, पण खोलीभर खेळणी. त्यांनी एक चेंडू घरंगळत सोडला आणि काहीतरी चलाखी करून तो जाड फळीतून आरपार गेल्यासारखा दाखवला. पोरगी बघतच राहिली! बाई म्हणाल्या, "आजी, हे हिला कुणी शिकवलेलं नाही. वस्तूतून वस्तू जात नाही, एवढी समज बाळं जन्मतःच घेऊन येतात, असं आम्हाला वाटतं. म्हणून जे अजब दिसेल त्याच्याकडे ती जास्त वेळ बघतात. रोजच्या गोष्टींचा त्यांना कंटाळा येतो."

विहीणबाई, मी तिथेच टाळी वाजवली. म्हणजे पोरीने तुम्हाला ओळखलं वगैरे काही नाही. फळीतून चेंडू यावा तशा तुम्ही दारातून आलात! (लिही गं, तुझी आई असली म्हणून काय झालं?) आणि मी भिंत, म्हणजे घरातलीच. घरी येऊन मीही एक परीक्षा घेतली. लोकरीचा गुंडा पातेल्याखाली झाकला, हळूच काढून बाहीत लपवला आणि पातेलं उचललं. रिकाम्या जागेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या बाहीकडे बघून हसली, लबाड! ही अक्कल मात्र आमच्याकडची, ते बाईंना विचारायला नको.

तेव्हा तिला तुमच्याकडे पाठवायचा विषय मिटला.

तुमची,
रोजच्या बघण्यातली विहीण

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, कारण पोट दुखायला लागून मी चार दिवस दवाखान्यात होते. काल घरी आले. पोरगी माझ्याकडे टक लावून बसली. माझा चहा निवला.

आणखी एक ता. क. चार दिवसांत ही गत, तर दोन महिन्यांनी माझं काय होईल? तिला नेऊ नका हो. तुम्हीच या इथे राहायला. येताना तुमची गादी आणा, पलीकडच्या खोलीत घालू (तुम्ही घोरता). आठ-पंधरा दिवसांत तुमचीही भिंत होईल. मग बसू दोघी गरम चहा पीत, ती आपल्याकडे बघत नसताना.