तांदुळजा, पालक आणि पहिलं ताट

माय, तुला तांदुळजा खरंच आवडायचा नाही, की तो तुझ्यापर्यंत उरायचाच नाही? याचं उत्तर मला माहीत नाही, आणि आता कुणाला विचारून कळणारही नाही.

कपाशी निंदून येताना तू तो साडीच्या ओच्यात भरून आणायचीस. सुपात हिरवा ढीग व्हायचा, आणि कढईत पडला की एवढासा. आधी बाबा जेवायचे, भाऊ जेवायचा, आणि शिकणारी पोरगी म्हणून मीही त्यांच्याच ओळीत. नववीत असताना एकदा मी तुझ्यासाठी वाटीभर भाजी बाजूला काढली, तर तू ती परत कढईत ओतलीस. "बाप जेवला नाही अजून, अन् माझ्यासाठी काढून ठेवतीस? कुठं शिकलीस हे?" तेव्हा मी रडले होते. आज रडणार नाही. आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे.

वहिनीला सातवा महिना लागलाय. मागच्या आठवड्यात नर्सदीदी तिला म्हणाली, "खून कम है. गोळ्या चुकवू नको, अन् पालक खा." भाऊ त्याच दिवशी बुऱ्हाणपूरहून पालकाच्या चार जुड्या घेऊन आला. इथं बांधावर तांदुळजा माजलेला! मी कॉलेजचं पुस्तक काढून त्याच्यासमोर धरलं. लोह, कॅल्शियम, क जीवनसत्त्व, तिन्हींत तांदुळजा पालकाच्या पुढे. वर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. भाऊ हसला. "मॅडम, पेपर कब है?"

"पेपर तुझ्या बायकोचा चालू आहे," मी म्हटलं.

मग मी स्वतः तांदुळजा खुडून आणला, लसणाची फोडणी दिली, लिंबू पिळलं. बाबा दोनदा मागून जेवले, आणि आपलं शिक्षण घराच्या कामी आलं म्हणून मी खूश. हात धुऊन पाणी प्यायला आत गेले, तर वहिनी भाकरीच्या तुकड्यानं कढई पुसून खात होती. पुस्तकातली तुलना शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम अशी असते. वहिनीच्या ताटात दोन्ही भाज्या सारख्याच होत्या, कारण दोन्ही नव्हत्याच. आणि माय, मी तीन वर्षं आहारशास्त्र शिकले ते बाबांच्या शेजारी बसून, चुलीकडे पाठ करून.

रविवारी दुपारी मी पहिलं ताट वहिनीला वाढलं. ती उठायला लागली. "असं नका करू ताई, मला बोलणी बसतील." मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. बाबा दारातच थांबले.

"ये क्या नवीन? तुझ्या मायनं कधी असं केलं नाही."

"म्हणूनच करतेय."

ते ओसरीवर जाऊन बसले. तुझं नाव माझ्यावर असं उगारलं जावं, हे तुला आवडलं असतं का, मी विचारणार नाही. तू गेलीस तेव्हा गावात सगळे म्हणाले, बाई फार सोशिक होती. मला त्या शब्दाचा राग येतो. तू सोसलंस, ठीक आहे. पण ते रीत म्हणून मागे ठेवून गेलीस, ते मला मान्य नाही.

वहिनी पोटभर जेवली. मग भाऊ, मग मी. बाबा सगळ्यांत शेवटी आले. मी कढई खरवडून त्यांना वाढलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"एवढीच भाजी?"

"हो बाबा. शेवटी बसलं की एवढीच येते."

त्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. पुन्हा काही मागितलं नाही.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही. बाबांना उत्तर देताना मला त्यांच्या डोळ्यांत बघता आलं नाही, तेवढं तुझ्याजवळ कबूल करते. आज सकाळीही पहिलं ताट वहिनीचंच वाढलं.