दूर्वा लाल, जास्वंद हिरवं

३ ऑगस्ट

सुशीलदादाला गणपतीच्या कारखान्यातून काढलं! मूर्तीच्या हातातल्या दूर्वा लाल रंगवल्या आणि कानावरचं जास्वंद हिरवं. मालक गोविंदाशेठ म्हणे, देवाची थट्टा करतोस? पिऊन आलास! पेणहून बातमी दादाच्या आधी घरी पोचली. बाबा एवढंच म्हणाले, "मामावर गेला." आई भाकरी थापत होती.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, वरसेचा पोपटमामा. हायवेच्या कामावर हिरवं फडकं म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. लाल दाखवून गाड्या थांबवल्या होत्या, तरी याने टेम्पो पुढे घातला. समोरून रिक्षा. माणसं वाचली, पण प्यायला होता असंच सगळे म्हणाले. मुलांची शपथ घेऊन तो नाही म्हणत राहिला. आईने तेव्हापासून माहेर तोडलं.

४ ऑगस्ट

दादा जेवला नाही. परीक्षा डोक्यावर, नि माझं डोकं ठिकाणावर नाही.

६ ऑगस्ट

जीवशास्त्राचे सराव प्रश्न. मेंडेलचे वाटाणे झोपेतही सांगेन. मग हा आला — आई वाहक, वडिलांना रंग नीट दिसतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे मुलगे किती? निम्मे, असं लिहिलं आणि दादाच्या लाल दूर्वा आठवल्या.

सुपात हिरव्या नि पिकलेल्या मिरच्या कालवून दादापुढे ठेवल्या. वेगळ्या कर म्हटलं. त्याने दोन उचलल्या, पुन्हा सुपात टाकल्या. मग हळूच म्हणाला, "डब्यांच्या झाकणांवर रंगांची नावं असतात गो. त्या दिवशी झाकणांची अदलाबदल झाली."

इतकी वर्षं नावं वाचून रंगवत होता! मला रडू आलं, आणि त्याचा रागही. बोलायचं तरी ना कुणाशी!

७ ऑगस्ट

गोविंदाशेठना जाऊन सांगितलं. आधी पटेना. शेवटी म्हणाले, मातीकामाला पाठव, ब्रशला हात लावू नको म्हणावं. दादा जाईल.

घरी सगळं समजावलं. बाबा लगेच, आमच्याकडं असं कोन नाय. मी म्हटलं, बापाकडून मुलाला हे येत नाही, आईकडून येतं. बोलले नि जीभ चावली.

आईने विचारलं, "म्हंजे मला माझ्या आईकडनं आलं असंल?"

बहुतेक, म्हटलं. ती उठून आत गेली.

८ ऑगस्ट

सकाळी आई लुगडं बदलून तयार. पिशवीत कडवे वाल, मामाला बिरडं आवडतं म्हणून. वरसेला चालली! "त्याला एकच विचारायचं हाय," म्हणाली. "ते फडकं तुला कंच्या रंगाचं दिसलं?"