वाडग्याखालचा तुकडा

अल्लाचं नाव घेऊन लिहिते. मी रकिया, हम्मादची लेक, कद्दूरची विधवा, राहणार बर्कान, मोरोक्को. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. कुणी दटावलेलं नाही. मशिदीच्या वर्गात शिकले तेवढ्याच अक्षरांत लिहितेय, चुका काढत बसू नका.

घराचे तीन भाग. दोन धर्माच्या कायद्यानं वारसांचे. द्रिस आणि लार्बी, माझे मोठे मुलगे, त्यांनी ते विकावेत नाहीतर भांडावं. तिसरा माझ्या मर्जीचा, आणि तो वारस नसलेल्यालाच देता येतो. तो मी धाकटी सून हनिया हिला देते. स्वयंपाकघर, ओव्हन, मागचं अंगण, संत्र्याचं झाड. झाडाला द्रिसनं हात लावायचा नाही.

द्रिस म्हणाला, "यम्मा, तिला वेगळं कशाला? मिलूद आला की त्याचा हिस्सा आहेच. त्यात राहील ती."

"आणि नाही आला तर?"

"तर आम्ही बघू की!"

"तुझं बघणं मी बघितलंय. बापाच्या आजारपणात बघितलं."

मिलूद म्हणजे माझा धाकटा, हनियाचा नवरा. होडीनं स्पेनला निघाला. होडी सापडली, माणसं नाहीत. तेव्हापासून दर शुक्रवारी हनिया संत्र्याचा केक करते आणि पहिला तुकडा त्याच्यासाठी वाडग्याखाली झाकून ठेवते. शनिवारी तो कडक झाला की मी चहात बुडवून खाते.

ती विचारते, "लल्ला, खाल्लात?"

मी म्हणते, "मुंग्या लागल्या असत्या."

ती वाडगा धुऊन ठेवते.

केकचा मधे भोक असलेला साचा, किसणी आणि मापाचा चहाचा ग्लास हनियाचा. मोठ्या सुनेला यातलं काही द्यायचं नाही. ती बाटलीतला संत्र्याचा वास घालते आणि वर म्हणते, "कळतंय का कुणाला?" कळतं.

हनिया, साल किसताना पांढरं येऊ देऊ नको, कडू होतं. आणि ओव्हनचं दार सारखं उघडून बघू नको. केक बसतो. तू दर वेळी उघडतेस. दारांचं तुझं तसंच आहे, बाहेर पाय वाजला की धावतेस.

आता शेवटचं. आजवर तोंडातून काढलं नाही ते लिहिते. माझा मुलगा मिलूद मेला. आईनं लिहिलंय, तेव्हा यापुढे कुणी हनियाला थांब म्हणायचं नाही. तिला दुसरं लग्न करायचं तर करू दे, हिस्सा तिचाच राहील.

मी गेल्यावरच्या शुक्रवारी केक करावा आणि सगळा शेजाऱ्यांत वाटावा. तुकडा झाकून ठेवू नये. शनिवारी तो खायला मी नसेन.

साक्षीदार: मक्की बेन तय्यब आणि बूअज्जा सरघीनी, दोघे काझीच्या कचेरीतले लेखनिक.

बर्कान, शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०१४.

सही: रकिया

हे हनियाला वाचून दाखवलेलं नाही. ती आत केक करतेय. मी गेल्यावर दाखवा.