शंभरातली एक

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आईच्या नावाने परदेशातून पार्सल! नालवाडीच्या पत्त्यावर! देवेंद्रचा फोन आला तेव्हा मी आर्वी डेपोत माईकवर तळेगावची गाडी पुकारत होते. अर्ध्यावरच थांबले. "ताई, आईची रेकॉर्ड निंगाली. काळी, गोल, जुन्या जमान्यातली. आईचं नाव हाय वर."

आई आणि गाणं! चेष्टा करतो की काय माझी! आम्हाला झोपवताना अंगाईसुद्धा म्हटली नाही तिने कधी. पाठीवर थापटायची, तेवढंच.

१२ जानेवारी, रविवार

नालवाडीला जाऊन आले. खरंच आहे. जेवणाच्या ताटाएवढं पाकीट, वरून चकचकीत प्लास्टिक घट्ट बसवलेलं. फोटोत कापसाचा ढीग, बाजूला एक पाठमोरी बाई. खाली इंग्रजीत — देवका, नालवाडी, डिसेंबर १९७४. माझ्या जन्माआधीचं.

सोबतची चिठ्ठी ईराने वाचून सांगितली. ईरा म्हणजे देवेंद्रची पोरगी, वकिली शिकते. कुणी एक गोरा अभ्यासासाठी इकडे आला होता. त्याने आमच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांची गाणी टेप केली. तो मेला. त्याच्या बायकोने टेपा एका कंपनीला दिल्या, कंपनीने रेकॉर्डी काढल्या. किती? शंभर! यात्रेच्या गाडीत याहून जास्त माणसं कोंबतो आम्ही.

"शंभरच काऊन वं?"

"आत्या, लोकांनी ऐकावं म्हणून काढलीच नाही ती."

तिकडचा कायदा म्हणे असा, की टेप केल्यापासून पन्नास वर्षांत बाहेर काढली नाही तर कंपनीचा हक्क जातो. काढली, की पुढे आणखी सत्तर वर्षं हक्क त्यांचाच. मुदत डिसेंबरात संपत होती, म्हणून घाईघाईत शंभर, नावापुरत्या. म्हणजे कब्जा दिसावा म्हणून पडीक वावरात वखराची एक फेरी मारून यायची, तसं. पेरायचं काहीच नाही.

आईने पाकीट मांडीवर घेतलं. गळ्यातल्या भोकावरचा रुमाल भराभर हलायला लागला. स्वरयंत्र काढल्यापासून ती पेल्यावर चमचा वाजवून बोलते — एक ठोका पाणी, दोन ठोके इकडे ये. आज पाकिटावर बोट ठेवलं आणि चमचा वाजवतच राहिली. थांबेचना! ऐकायचं आहे तिला. स्वतःचा आवाज पुन्हा ऐकावासा कुणाला नाही वाटणार?

आणि मला? दोन वर्षांपूर्वी तिला ऑपरेशनला नेलं तेव्हा घरात चार फोन होते. एकाच्याही डोक्यात आलं नाही की हिचं बोलणं भरून घ्यावं. लग्नाची कॅसेट आहे, त्यात नुसता बँड वाजतो. तिला फोन दिला की "हॅलो" म्हणायच्या आधीच माझ्याकडे सरकवायची. आईचा आवाज आता कुठेच नाही. या पाकिटात आहे, बस.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ड्यूटी. तिळगूळ कंट्रोल रूममध्येच.

देवेंद्रचा फोन — "ताई, आईले म्हना प्लास्टिक फोडू नोको!" ईराने इंटरनेटवर पाहिलं. जर्मनीतला कुणी सीलबंद रेकॉर्ड पंचेचाळीस हजाराला विकून राह्यला. फोडलेली असली तर निम्मे.

अरे वा! आत आईचा आवाज आहे त्याचे निम्मे, आणि वरच्या प्लास्टिकचे निम्मे!

१९ जानेवारी, रविवार

शेजारच्या रुख्माबाई आईला पाहायला आल्या. पंच्याऐंशीच्या असतील, पण दात आणि आठवण दोन्ही शाबूत. त्यांना पाकिटावरचा फोटो दाखवला.

"अव माय! थो गोरा! मशीन घेऊन आलता, वावराच्या धुऱ्यावर बसे दिवसभर. आमी वेचत राहो अन् गानं म्हनत राहो. जाताना नाव पुसे. तुही आजी म्हने, घरच्या सुनेचं लिव. बाकी पोरीसोरीचं नाव परक्या मानसाले कोन सांगते? लग्नं व्हाची होती त्यायची."

"म्हणजे आई छान म्हणायची का हो?"

"सारेच म्हनत." मग एकदम हळू आवाजात, "तुही पार्बता आत्या…" आणि थांबल्या. आईने चमचा उचलला होता. वाजवला नाही, नुसता हवेत धरला. रुख्माबाई उठल्या आणि "येतो बापा" म्हणून निघून गेल्या.

पार्बता बाबांची धाकटी बहीण. त्या कापसानंतरच्याच उन्हाळ्यात वावरातल्या विहिरीत सापडली. का, कशी, कुणी सांगितलं नाही. आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत. फोटो नाही, पितृपक्षात पानसुद्धा नाही. लहानपणी मी एकदा विचारलं, तर आजीने थोबाडीत मारली होती.

२ फेब्रुवारी, रविवार

नागपूरहून एक साहेब आले. देवेंद्रनेच बोलावलेले. रेकॉर्डी जमवतात. हात धुऊन, पुसून पाकीट उचललं, कोपरे तपासले, प्लास्टिक उजेडात धरून कुठे चीर आहे का ते पाहिलं. खाटेवर आई बसली होती, तिच्याकडे एकदाही नाही! शेवटी मीच म्हटलं, "गाणारी ही." तर म्हणाले, "अरे! हयात आहेत?" आणि तोंड जरा पडलं त्यांचं. खोटं नाही लिहीत.

मी विचारलं, तुम्हाला यातलं कोणतं गाणं आवडलं?

"मी ऐकत नाही हो. ठेवतो. वाजवली की झिजते."

ते गेल्यावर आमची जुंपली. देवेंद्र म्हणतो, "मले का हौस आली का विकाची? ऑक्सिजनच्या मशीनचं भाडं कोन भरते, ताई? तू दर रविवारी येतं, डोळे पुसतं, अन् चारच्या गाडीनं जातं!" लागलं मला. खरं होतं म्हणून जास्त लागलं. मग म्हणतो, "अन् वाजवशीन कायवर? पोळीच्या तव्यावर?"

तेही खरंच. मशीन कुणाकडे आहे आता?

५ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकून पुलगावला गेले. अण्णाजींकडे. लग्नात भोंगे लावायचे ते, आमच्या बाबांच्या लग्नातही त्यांच्याच वडलांचा भोंगा होता. रेकॉर्ड वाजवायचं मशीन निघालं — भांड्याच्या पेटीखाली, उंदरांनी वायर खाल्लेली. सुई नाही. "सुई नागपूरले भेटते का पायतो. पन मले आता आयकू येत नाई बरं बाई, वाजून राह्यलं का नाई ते तूच सांगजो."

म्हटलं हरकत नाही, आमच्याकडे एकीला बोलता येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी देवेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं. कॅन्सर छातीत उतरलाय. घरीच ठेवा, खायला मागेल ते द्या.

ती खायला काही मागत नाही. पाकिटावर बोट ठेवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

जर्मनीतली ती रेकॉर्ड साठ हजाराला गेली. देवेंद्रने पाकीट कपाटात कुलूप लावून ठेवलं. आईसमोर! मी किल्ली मागितली. म्हणाला, "सुई आली का? नाई ना? मंग फोडून का करतं?" मी त्याला नाही नाही ते बोलले. बाबांचा उद्धार झाला, त्याच्या बायकोचा झाला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

चारच्या गाडीने परत. खिडकीबाहेर तुरीच्या काड्यांचे ढीग. मला माझ्या भावाचं तोंड पाहू नये वाटतं, आणि तोच तिचं सगळं करतो. अंघोळ, भोकाची नळी साफ करणं, सगळं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ईराचा फोन. रडतेय की हसतेय कळेना.

देवेंद्र शाळेत शिकवायला गेला होता. किल्ली त्याच्या दुसऱ्या पॅन्टीत राहिली होती. जी बाई खाटेवरून मोरीपर्यंत धरल्याशिवाय जात नाही ती एकटी उठली, कपाट उघडलं आणि विळीवर प्लास्टिक चिरलं! ईरा पोहोचली तेव्हा आई विळीशेजारी भुईवर बसलेली, तळहाताला रक्त, रेकॉर्ड पदरात. देवेंद्र आला. आईचा हात धुतला, हळद लावली आणि अंगणात जाऊन बसला.

माय माझी! मी आर्वीला बसून लढले, जिंकली तीच.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाजली!!

अण्णाजी सकाळीच ऑटोत मशीन घालून आले, सुई घेऊन. आईला उशांना टेकवून बसवलं. आधी नुसतं खरखर, वारा, एक बैल. मग गाणं. एवढी उंच पट्टी! अंगावर काटा आला. सहा गाणी दोन्ही बाजू मिळून, मध्ये मध्ये बायांचं बोलणं, हसणं. ईराने सगळं फोनमध्ये भरून घेतलं. देवेंद्र दारात उभा होता, आत आला आणि आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. "आई, तू असं गात होती?"

आई हसत होती. हसताना भोकातून शिट्टीसारखी हवा येत होती. पेल्यावर चमच्याने ताल धरला तिने. दुसरी बाजू संपली की पुन्हा पहिली लावायला लावायची, आणि एका जागी आली की माझं मनगट घट्ट धरायची. तीनदा लावली. तिन्ही वेळा त्याच जागी.

मला तिथे जे ऐकू आलं ते आज लिहवत नाही. शांत झाल्यावर लिहीन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आई गेली. पहाटे. मी पोहोचले तोवर आंघोळ घातली होती.

११ मार्च, मंगळवार

तेरवी झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं. जो येतो तो तेच म्हणतो — निदान देवकाबाईचा आवाज तर राह्यला. ईरा ज्याला त्याला फोनवर ऐकवते. पेपरातही आलं, 'नालवाडीची गायिका' म्हणून. मी मान हलवते.

आता लिहिते. गाणारी आई नाही.

पहिल्या बाजूला, दुसऱ्या गाण्यानंतर बोलणं आहे. गाणारीच बोलते, आवाज कोवळा, दमलेला — "वयनी, तुही ओटी कापसानं भरली, खाली कर ना." आणि जवळून दुसरी एक बाई म्हणते, "करतो मी. तू म्हन वं पार्बता. म्हन, म्हन."

ती दुसरी बाई आई आहे. ऑपरेशनआधीची, भाजी निवडतानाची, "सुधे, दार लाव" म्हणणारी आई. मला ओळखायला क्षण लागला नाही. देवेंद्र तेव्हा रडत होता, आणि ईराला ते नाव माहीतच नाही. आणि लगेच पार्बता आत्या पुढचं गाणं सुरू करते.

आजीने नाव सांगितलं घरच्या सुनेचं, कारण बिनलग्नाच्या पोरीचं सांगत नसत. त्या गोऱ्याने जे सांगितलं ते लिहून घेतलं. पन्नास वर्षं ती पोरगी आईच्या नावाखाली डब्यात पडून होती. मी समजत होते आईला स्वतःचा आवाज ऐकायचा आहे. तिला तिची नणंद ऐकायची होती! जिचं नाव या घरात नंतर कुणी घेतलं नाही, तिचं नाव आईच्या तोंडचं तेवढं एकदाच उरलेलं, तेही टेपवर. म्हणून घरात कधी गायली नाही का ती? विचारणार कुणाला?

माझ्या वाट्याची आई तेवढीच. "करतो मी. तू म्हन वं पार्बता. म्हन, म्हन." पुरे आहे मला. आयुष्यभर पुरेल.

देवेंद्रला सांगायला हवं. आज नको, तो दमलाय, आणि आईचं गाणं म्हणून त्याला एवढं बरं वाटतंय. उद्या ड्यूटी आहे. रविवारी येईन तेव्हा रेकॉर्ड लावून, समोर बसवून ऐकवेन.

१६ मार्च, रविवार

नालवाडीला आले. खाटेवर रेकॉर्ड नव्हती, कपाटातही नाही. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी नागपूरचे साहेब येऊन घेऊन गेले. गाणारी वारली की भाव चढतो म्हणे — फोडलेलीलाही सीलबंदचा दिला. "ऑक्सिजनच्या मशीनचं भाडं फिटलं. अन् फोनमधी हाय ना सगळं, ताई! रडून काऊन राह्यली?"

ईराने फोन माझ्या हातात दिला. सहा गाणी, एकदम स्वच्छ. म्हणाली, "मधली बडबड सगळी काढून टाकली मी, आत्या. मूळचं उडवलं, फोन भरला होता."